आबांच्या नावाची बाटली

ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही. बायको गेली, तिलाही नव्हती. चार यत्ता शिकलेला माणूस मी, लिहिताना हात अडतो — पण तो अक्षरांमुळेच अडतो, असं तरी कसं म्हणू?

आम्ही करी रोडच्या चाळीत. आबा, माझे वडील, गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. त्यांचे पाय सुजायला लागले, लघवीला ताकासारखा फेस. डॉक्टरांनी ती तपासायला मागितली. आबा लाजले, चिडले, शेवटी दिली. बाटली सदऱ्याखाली लपवून मी निघालो.

परळच्या नाक्यावर मोर्चा होता. लाठ्या सुरू झाल्या — आणि मी पळालो. मी! आदल्याच दिवशी आबांपुढे छाती ठोकली होती, मेलो तरी हटणार नाही म्हणून. पळताना बूच निघालं, सगळं सांडलं. घरी काय सांगणार होतो? पळालो म्हणून?

गिरणीच्या भिंतीआड गेलो आणि बाटली भरली. माझ्या लघवीनं.

डॉक्टर म्हणाले, दोष काही नाही, उभं राहून पाय सुजतात. आबांनी गॅलरीत सगळ्यांना ऐकवलं, "डाक्तर म्हणता, माझे गुर्दे अजून पोराचे हत!" सगळे हसले. मीही हसलो. तपासणीपर्यंत बंद ठेवलेला खारा बांगडा पुन्हा ताटात आला.

पुढे त्यांच्या पायावर अंगठा दाबला की खळगा पडे, तो भरतच नसे. मी दाबायचो, बघत बसायचो — का, कोण जाणे. श्वासाला मुतारीचा वास यायला लागला. एका दुपारी माझ्याकडे टक लावून म्हणाले, "माझ्या पोटात ह्यो कोणाचो पोरगो बसलो हा? त्येका भायर काड रे."

त्यांना कळलं होतं का? कसं कळेल?

आता मी त्यांच्याहून म्हातारा झालो. मलाही फेस येतो. डॉक्टरीणबाई सांगतात, मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या पेशी वयानं मरतात आणि त्यांच्या जागी बदली कोणी येत नाही. उरलेल्या जादा साचे ओढतात, मग त्याही थकतात. वेळेत मीठ सोडलं तर काही वर्षं निघतात. आबांची निघाली असती? सांगता येत नाही, म्हणाल्या. त्या उत्तराचा आडोसा मी घेत नाही.

तेव्हा आबांना स्मशानात नेताना चाळ हळहळली — तपासणी साफ होती हो, अचानक गेला बिचारा.

मी हातात मडकं धरून पुढे होतो. म्हणालो, हो, अचानकच.