तळहातावरचं दही

सिनेमातून कापलेले प्रसंग आज संध्याकाळी निर्मात्यांच्या ऑनलाइन चॅनेलवर येणार होते आणि नलिनीच्या घरात सकाळपासून कुणाचा पाय ठरत नव्हता. नवरा चारुदत्त सेक्टर ३०च्या प्रयोगशाळेतून अर्धी रजा टाकून आला. उत्तरेतल्या त्या वसाहतीतली मराठी मंडळी सतरंजीवर दाटीवाटीने बसली. शेजारच्या देवेंद्रांनी चिवड्याची ताटली घेऊन पुढचीच खुर्ची धरली.

"वहिनी, आज तरी दिसणार ना? की नुसतं बसचं मागचं चाक?"

दोन वर्षांपूर्वी नलिनी लेकीला, ऋचाला, दिल्लीच्या बसमध्ये बसवायला सेक्टर ४३च्या स्टँडवर गेली होती. बस सुटली, हातात दह्याचा डबा उरला. तिथेच एका प्रेमकथेचं शूटिंग चाललं होतं आणि नायकाच्या आईचं काम करणारी बाई आलेली नव्हती. डबा बघून शूटिंगवाल्यांनी नलिनीलाच उभं केलं. मुलगा प्रवासाला निघालाय, त्याला दही द्या. पुढे ती सगळ्यांना घेऊन सिनेमाला गेली, तर प्रसंगच गायब; दिसलं ते नुसतं बसचं मागचं चाक. देवेंद्रांना आयता विषय मिळाला. प्रसंग आपल्या चुकीने गेला, हे नलिनीने कुणालाच सांगितलं नव्हतं. आज ती चूक टीव्हीवर दिसणार होती.

"मम्मा, आ गया!" ऋचा ओरडली.

पडद्यावर नायकाने तोंड उघडलं. नलिनीने सवयीने त्याचा हात ओढला आणि तळहातावर दही ठेवलं. तो आ वासून हाताकडे बघत राहिला. मग त्याने तळहात चाटला. मागे रुसून उभी असलेली नायिका फिसकन हसली आणि ओढणीने त्याची हनुवटी पुसायला धावली.

घरात टाळ्या, शिट्ट्या.

"अख्ख्या सिनेमात ही दोघं प्रेमात वाटली नाहीत," चारुदत्त उठूनच उभा राहिला, "इथे वाटतात!"

"इसीलिए काटा, पापा. इसके बाद ब्रेकअप है. कौन मानता?"

नलिनीने रोखलेला श्वास सोडला.

"पर मम्मा, तुम्हारे दूसरे हाथ में चम्मच क्यों है?"

सगळे पुढे वाकले.

"त्यांनीच दिला होता," नलिनी म्हणाली. "इकडच्या रीतीने तोंडात भरवायचं होतं. मी विसरले."

"म्हणजे चुकलातच!" देवेंद्रांचा चिवडा सांडला.

"चुकले ना. म्हणून तर ती हसली. ऋचा, लाव परत. आणि भावजी, जरा सरका, मागच्यांना मी दिसत नाहीये."