नानामामाचं लोखंड

मामीचा फोन आला तेव्हा मी नेपियर टाउनात ऑटोत होतो. "तुझे मामा गेले रे," ती म्हणाली आणि जरा थांबून, "दाढी करून राहिले होते... अर्धीच झाली." त्याला आता काही आठवडे झाले. पण नानामामा आठवला की मला अजूनही आधी हसूच येतं.

त्याची सगळी नोकरी संरक्षण कारखान्यात लोखंड तापवण्यात गेली. घरातलं डुगडुगणारं टेबलसुद्धा वेल्डिंगशिवाय सुधारेल हे त्याला पटत नसे. तो निवृत्त झाला आणि शहरातल्या गढा वस्तीच्या बाजूला जैन मंदिराचं काम सुरू झालं. जुन्या रीतीनं, नुसता दगड आणि चुना, दगडात दगड अडकवलेला. सिमेंट नाही, लोखंड तर नाहीच. "पडते की नाही पाहा," असं म्हणत मामा रोज स्कूटर काढून बघायला जाऊ लागला आणि चक्क त्या कामाच्या प्रेमात पडला. मग एकच ध्यास... या देवळाला आपला हात लागला पाहिजे. आपण जैन नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दोन दगड धरून ठेवायला त्यानं घरी खपून एक देखणा लोखंडी आकडा घडवला, रुमालात गुंडाळून नेला. तिथल्या मुख्य मिस्त्रींनी तो उलटसुलट पाहिला आणि हात जोडले. "काकाजी, लोहा जंग खाके फूलता है, पत्थर फाड़ देगा।" त्या रात्री घरी मामा जेवलाच नाही. "काहून तोंड पाडून बसले?" मामीनं विचारलं. "जन्मभर जे केलं, तेच तिथं चालत नाही," तो म्हणाला. इतका हिरमुसलेला मामा मी कधी पाहिला नव्हता.

थोड्याच दिवसांत मिस्त्री स्वतः घरी आले, पिशवीभर बोथट छिन्न्या घेऊन. "इन्हें पानी दे देंगे काकाजी? पत्थर इनका मुँह मोड़ देता है।" मामा ताडकन उठला. मंदिरामागे त्याची भट्टी लागली ती शेवटपर्यंत. छिन्नी लाल करायची, ठोकून टोक काढायचं, पाण्यात बुडवायची आणि चर्र झालं की स्वतःच स्वतःला म्हणायचं, "वाह भैया!"

परवा मामीला घेऊन देऊळ पाहायला गेलो. खांबावर कोरलेल्या वेलीवरून ती हात फिरवत होती. शेजारी एक तरुण कार्यकर्ता पाहुण्यांना अभिमानानं सांगत होता, "पूरे मंदिर में लोहा नहीं लगा।"

आता ही रडणार, असं मला वाटलं. मामी वळली आणि ठणकावून म्हणाली, "लगा नहीं है बेटा, घिसा है। बहुत घिसा है... हमारे घर का।"