मिलमधला सूर आणि दादाचं पोतं

लाखनीजवळची आमची जुनी राईस मिल वाटणीत माझ्याकडे आली, ती एका शब्दावर. मी ती पुन्हा चालवायची नाही. दादाचं घर त्याच्या हायवेवरच्या नव्या मिलवर चालतं. मी शब्द पाळला. मात्र गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका रॉक बँडनं अल्बम रेकॉर्ड करायला ती जागा मागितली. टिनाचं छप्पर उंच आहे, आवाज मस्त घुमतो म्हणाले. मला काय, गंमत हवीच होती.

त्यांचं संगीत म्हणजे एकच सूर. गिटारची तार छेडायची आणि तो सूर दुपार उलटली तरी सोडायचा नाही. दारं थरथरायची. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, मिलच सुरू झाली. आमच्याकडे तो आवाज कानावर आला की माणूस पोतं सायकलवर टाकतो. लोक धान घेऊन दारात उभे! मी हात जोडून परत पाठवले. ते सरळ दादाकडे गेले आणि तिथं सगळं सांगितलं.

दादा आला. उंबऱ्यावर बोट फिरवून कोंडा शोधला. आत तिघं डोळे मिटून वाजवत होते. त्यांच्यामागे जाऊन त्यानं यंत्राचा पट्टा ताणलाय का ते दाबून पाहिलं.

"हे वाजवणं मले दाखवासाठी हाय," तो म्हणाला. "मी गेल्यावर काय चालते, ते सांग."

मग मी चोरून धान भरडतो का ते पाहायला त्यानं लाखांदूरकडच्या एका अनोळखी शेतकऱ्याच्या हातून धानाचं पोतं पाठवलं. मी तेव्हा तिथं नव्हतो. ड्रमवाल्याला वाटलं, गावाची भेट. त्यानं ते ठेवून घेतलं.

आठवड्यानं दादा त्या धानाचा तांदूळ मागायला आला, चोर सापडल्याच्या थाटात. मला पोत्याचा पत्ताच नव्हता. मनात म्हटलं, आज भाऊ तुटला. ड्रमवाल्यानं ड्रमला टेकवलेलं पोतं दाखवलं. दादानं शिवण उसवली, मूठभर धान काढलं, एक दाणा दाताखाली फोडला. सालीसकट, जसाच्या तसा. त्यानं सुतळीनं तोंड बांधलं आणि पोतं पुन्हा ड्रमला टेकवून तो निघून गेला.

अल्बम आल्यावर मी त्याला मोबाईलवर ऐकवला. भुवया आवळून त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

"यात माह्यं पोतं कुठं वाजते?"

"ते वाजत नाही, दादा. ड्रमचा आवाज फार घुमू नये म्हणून टेकवलं होतं."

त्यानं मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"वाजत नाही, तर वापस आण. तोलून घेईन."