अण्णांचे अंक आणि दाढीचा फेस

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता जेवढं दिसतंय तेवढंच दिसत राहील. म्हणजे दारातून माणूस आला हे कळेल, कोण आला ते त्यानं बोलल्यावर कळेल. छापलेलं काही दिसणार नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. लोहाऱ्यात सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली, आणि पगारातून दर वर्षी न चुकता दिवाळी अंक घेतले. घरात त्यांची एक आख्खी भिंत झाली होती.

ऑपरेशननंतर आठवड्याभरानं ते मला म्हणाले, "रोज दोन पानं वाचून दाखवत जा."

मी म्हणालो, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे अण्णांनाही ठाऊक आहे. त्यांनी परत विचारलं नाही. मग मी त्यांना मोबाईलवर गोष्टी ऐकायची सोय करून दिली. "त्यातली बाई उगंच लई गोड बोलती," एवढं म्हणून त्यांनी मोबाईल परत केला. पुढं एक दिवस म्हणाले, "अंक ठेवून तरी काय करायचं? देऊन टाक. पण रद्दीत न्हाय. वाचणाऱ्या माणसाला दे."

दोन पानं वाचण्यापेक्षा भिंतभर अंकांना घर शोधणं मला सोपं वाटलं. माझा स्वभाव असा आहे, त्याला इलाज नाही.

वाचनालयात गेलो. तिथल्या माणसानं एक कपाट उघडून दाखवलं. आत हेच अंक होते, आमच्यापेक्षा चांगल्या अवस्थेत. "तुम्हालाच पाहिजेत का?" त्यानं विचारलं. एका दवाखान्यात पेशंटसाठी पाच ठेवून आलो. आठवड्यानं पाहिलं तर कंपाउंडरनं एक अंक टेबलाच्या पायाखाली सारला होता. बाकीचे चार तसेच होते. टेबल मात्र हलायचं थांबलं होतं.

शेवटी सलूनवाल्याला विचारलं. तो अण्णांचा जुना विद्यार्थी. "सगळे आणा," तो म्हणाला, "आपल्याला लागतेतच." कशाला लागतात हे मी विचारलं नाही. स्कूटरवर चार खेपा केल्या आणि घरी येऊन सांगितलं, "सलूनमध्ये दिलेत. नंबर लागेपर्यंत लोक वाचतात."

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा मागितला. "काय वाचतेत?"

"कथा."

"कविता कोणी वाचत नसंल."

"नाही."

"वाटलंच," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी केस कापायला गेलो, तेव्हा कळलं. सलूनवाला अंकाचं पान टर्रकन फाडायचा, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायचा आणि वस्तऱ्याचा फेस त्याला पुसायचा. "पेपर आता कोणी घेत न्हाय," त्यानं मला समजावलं. "फेस पुसायला कागदच मिळंना. कव्हर कामाचं न्हाय, गुळगुळीत असतंय. आतली पानं मात्र लई झ्याक." मी फक्त म्हणालो, अण्णांना सांगू नका.

अण्णा घरीच दाढी करायचे. पण न दिसल्यामुळं दोनदा कापून घेतलं, आणि त्यांनी जाहीर केलं की आता सलूनलाच जाणार. बसायला चार वाचणारी माणसं तर असतील. मी बरीच कारणं सांगितली. एकही चाललं नाही.

मी अण्णांना सलूनमध्ये घेऊन गेलो. गुरुजी आत आले तसे बाकावरच्या चौघांनी मोबाईलचे आवाज बंद केले आणि पुन्हा माना खाली घातल्या. अण्णांना तेवढं दिसलं. "सगळे वाचतेत," ते समाधानानं म्हणाले. चौघांनी त्यांना आपला नंबर दिला.

ते खुर्चीत बसले. सलूनवाल्यानं फेस लावला आणि सवयीनं पान फाडून त्यांच्या खांद्यावर टाकलं. अण्णांचा हात वर आला. त्यांनी कागद दोन बोटांत धरून चोळला.

"हा पेपर न्हाय. दिवाळी अंक हाय."

सलूनवाला वस्तरा खाली घेत म्हणाला, "व्हय गुरुजी."

"माझा?"

"तुमचाच. अल्ला कसम, लई वाईट वाटायलंय."

मला वाटलं, अण्णा तसेच उठून चालू लागतील, अर्ध्या फेसासकट. ते म्हणाले, "वाच."

"आं?"

"फाडायच्या आधी वाचायचं. त्याशिवाय पान फाडायचं न्हाय."

एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात अंक घेऊन तो माणूस अडखळत वाचायला लागला. "स्वल्पविरामाला थांब," अण्णा मधेमधे सांगत होते. नवऱ्याला न विचारता म्हैस विकणाऱ्या बाईची गोष्ट होती. चौघांनी मोबाईल खिशात घातले. नवरा बाजारातून परत आला, गोठ्यात गेला, नुसतंच दावं पाहिलं, आणि पान संपलं. पुढचं पान नव्हतं. ते काल कोणाच्या तरी दाढीला गेलं होतं.

"मग पुढं काय झालं, गुरुजी?" बाकावरून एकानं विचारलं.

अण्णा बराच वेळ आठवत राहिले. "चार वेळा वाचलीय," ते म्हणाले. "पण आठवंना."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

सलूनवाला माझ्याकडं वळला. "दादा, तुमाला म्हाईत असंल की. घरी गुरुजींना तुमीच वाचून दाखवत असाल."

मी काहीतरी खोटं सांगणार होतो. अण्णांनी तेवढी वेळ येऊ दिली नाही.

"त्याला वाचता येतं," ते हजेरी घेताना बोलावं तसं म्हणाले. "येळ नसतो त्याला."

दाढी झाली, ते उठले. चौघांनी मलाही आधी बसायला सांगितलं. मी खुर्चीत बसलो नाही. गठ्ठ्यातला वरचा अंक घेऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसलो, पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू वाच," अण्णा म्हणाले. "मला घाई न्हाय."