उद्याचं सांगणारे गुरुजी

इंगळे गुरुजींनी माझ्या धाकट्या बहिणीला, मंदाला, साखळीपासून वाचवलं. हे आधीच सांगतो, कारण चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. लिहिता लिहिता मुख्य गोष्ट राहून जाईल अशी धास्ती वाटते. महिन्यापूर्वी गुरुजी गेले. फोन आला तेव्हा मी इथं सुरतेत, कारखान्यात होतो. पहिला विचार मंदाचाच आला... तिला हे कोण सांगणार?

महाराष्ट्र नवा झाला तेव्हाची गोष्ट. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावात मंदा नुकती दुसरीत गेली होती. कोणाच्या डोळ्यांत बघायची नाही, मनात येईल ते तोंडावर बोलायची. तपासणीला आलेल्या साहेबांना म्हणाली, "तुमी मांगच्या सालीबी हाच सदरा घालून आलते." त्यावर गाव हसलं. पण शाळेची घंटा, म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, वाजली की ती किंचाळायची, स्वतःच्या मनगटाला चावायची. पोरीला बाहेरचं लागलं, असं सगळे म्हणायला लागले. बाबांनी झाडणीला, म्हणजे भूत उतरवणाऱ्याकडे, न्यायचं ठरवलं. तिथं अशा माणसांना बांधून ठेवत. साखळी घरात येऊन पडली होती.

गुरुजी घरी आले. "काऊन नेता तिले? दिवाळीपावतर माह्याजवळ राहू द्या."

"गुरुजी, तिच्या अंगात हाय काईतरी," बाबा म्हणाले.

"अंगात काई नाई. घंटा कवा वाजन ते तिले ठाऊक नसते, म्हणून भेते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातोडी मंदाच्याच हातात दिली आणि घड्याळाचा काटा कुठं आला की ठोकायचं ते दाखवलं. मधल्या सुट्टीआधी पोरं कुरकुरायला लागली, "वाजव ना बे मंदे, भूक लागली." मंदा म्हणाली, "काटा नाई आला." काटा आला, तिनं डोळे मिटून ठोका दिला... आणि किंचाळली नाही. दिवाळीनंतर ती साखळी गोऱ्ह्याच्या गळ्यात गेली.

तेव्हापासून गुरुजी रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून तिला उद्याचं सांगत. उद्या बाजार, उद्या लग्नाची वरात, बँड वाजेल. ती पन्नाशीला टेकली तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी तिच्या अशा असण्याला ॲस्पर्जर म्हणतात, ही मेंदूची जन्मजात वेगळी घडण असते, असं सांगितलं. लहानपणीच ओळखलं आणि पुढं काय होणार ते आधी सांगत गेलं, तर अशा मुलांना जगणं सोपं जातं, असंही म्हणाले. मी गुरुजींना ते नाव सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले, "आता बाकीच्या लेकरायले तरी लवकर समजून घेतीन."

फोन आला तसा मी गावी पोचलो, तर गुरुजींच्या घरात रडारड, आणि मंदा मागच्या दारी शांत बसलेली. "गुरुजीनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "मी मरीन, बाया रडतीन, तवा तू मांगं बस." मग म्हणाली, "पन त्याच्या मांगून काय, ते नाई सांगतलं."

आता रोज संध्याकाळी मी सुरतेहून फोन करतो. उद्या सोमवार, उद्या पाहुणे नाहीत. ती गुरुजींच्या ओट्यावर, त्यांची जागा मोकळी सोडून, कडेला बसून ऐकते आणि फोन ठेवते. गुरुजी, कारखान्यातून कायमचा सुटलो की त्या ओट्यावर येऊन बसेन, आणि उद्याचं तिला समोरासमोर सांगेन. तुमच्या उपकारांची दुसरी फेड मला सुचत नाही.