वत्सलेच्या मापाची खुर्ची

लोधीखेड्याची वत्सला सौंसरला केशवरावांकडे स्वयंपाकाला होती. वय पस्तिशीचं, उंची सात वर्षांच्या पोरीएवढी. बसचा कंडक्टर तिच्याकडून पूर्ण तिकिटाचे पैसे घ्यायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "एक हाफ!" अख्खी बस हसायची. आमच्याकडे हसायला फार काही लागत नाही.

केशवराव संत्र्यांचे व्यापारी. त्र्याऐंशी साली माल घेऊन दिल्लीला गेले आणि येताना ट्रकमधून दोन खुर्च्या घेऊन आले. वाकवलेल्या प्लायवूडच्या, काळ्या चामड्याच्या गाद्यांच्या, मागे रेललेल्या. फॉरेनचे साहेब तसल्या खुर्चीत बसतात म्हणे. मोठी स्वतःला आणि हुबेहूब तशीच लहान, चार वर्षांच्या मुलाला, मोरेश्वरला.

एका दुपारी धूळ पुसता पुसता वत्सला त्या लहान खुर्चीत बसली. पाठ टेकली, मान टेकली आणि पाय जमिनीला टेकले. दवाखान्यातलं बाक असो की लग्नातली खुर्ची, तिचे पाय आजवर लोंबकळतच राहिले होते. जमिनीवर बसलं की कंबर धरायची. इतकं सुख झालं की तिला रडू आलं. तेवढ्यात केशवरावांच्या बायको प्रमिलाबाई आत आल्या.

"काहून रडून राहिली वं?"

"बाई, बाबू मोठा झाला का हे खुर्ची मले द्याल का?"

प्रमिलाबाई पोट धरून हसल्या. "त्याले बसता नाही आलं का तुलेच देईन, मंग त झालं?"

त्या थट्टेत बोलल्या. वत्सलेने ते खरं धरलं आणि कामाला लागली. मोरू लवकर मोठा व्हायला हवा होता. भातावर तुपाची धार, दुधात साय, शाळेतून आला की शिरा. "खाय माया राजा, मोठा होय," म्हणत ती भरवायची. शेजारणी म्हणायच्या, पोटच्या पोराचंही कोणी इतकं करत नाही. कशाला करेल? पोटच्या पोराच्या खुर्चीवर कोणाचा डोळा नसतो.

मोरू वाढला, पण आडवा. आठव्या वर्षी तो खुर्चीत मावेना. वत्सलेने लोधीखेड्याला आपल्या घरातला एक कोपरा सारवून मोकळा ठेवला.

त्याच्या वाढदिवसाला प्रमिलाबाईंनी पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "हे खुर्ची आज आमी वत्सलेले देऊन राहिलो. बस वं, दाखव बसून!" पाहुणे सरसावून बसले. वत्सला पदराला हात पुसत, लाजत पुढे आली.

"माही हाय थे!" मोरू धावला आणि तिच्याआधी खुर्चीत धप्पकन पडला. प्लायवूड कडकन मोडलं.

"काय काय चारत होती वं पोराले?" प्रमिलाबाई वत्सलेवरच कडाडल्या. केशवराव हसत म्हणाले, "घेऊन जाय आता. दिली म्हंजे दिली." पाहुणेही हसले. एकजात निर्लज्ज माणसं.

वत्सलेने तुकडे घरी नेलेच नाहीत. सकाळी केशवरावांच्याच परसातल्या चुलीत घातले आणि वर मोरूचं दूध ठेवलं. पेला हातात घेऊन मोरूने विचारलं, "माही खुर्ची कुठी हाय?"

"थेच त पिऊन राहिला, राजा," वत्सला म्हणाली आणि त्याच्या दुधात साय घातली.