वैशूचे उपास

वैशू कुणाच्याही घरात शिरली की चप्पल काढता काढताच सांगायची, "मले उपास हाये बरं." पाण्याचा पेला हाती यायच्या आधी उपास! सोमवार शंकराचा, गुरुवार महाराजांचा, शनिवार मारुतीचा, आणि मधल्या वारांना चतुर्थी नाहीतर एकादशी धावून यायची. कुठल्याच देवाला तिनं नाराज केलं नाही. बरं, उपासाची साबुदाण्याची उसळ तरी खावी? तीही तिला जड व्हायची.

आमच्या वरवट बकाल गावात अशा पोरीचं केवढं कौतुक! तिची आई, शांताकाकू, हळदीकुंकवाला बायकांना ऐकवायच्या, "माह्या वैशूनं जेवनासाठी कधी हट्ट केला नाई. लय देवाची हाये." घरोघरी आम्हा बाकीच्या पोरींना टोमणे बसायचे. मी तर तिच्यावर चांगलीच जळायचे, कारण भजी दिसली की मला एकही वार आठवत नसे.

अकोल्याच्या कॉलेजात ती वर्गातच चक्कर येऊन पडली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही भक्ती नाही, हा खाण्याशी जडलेला मनाचा आजार आहे. घरी वैशूनं एवढंच कळवलं, "रक्त कमी हाये." पुढे तिनं अकोल्यातच नोकरी धरली, उपचार सुरू केले, ते अजून चालू आहेत. गावात खरं काय ते मला एकटीला ठाऊक. नक्की होतं तरी काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "डोक्यात एक वकील बसेल हाये. भाकर समोर आली का केस चालू. अन् दरवेळी मीच हारतो."

गेल्या दिवाळीत ती आली तीच फिल्मचं खूळ घेऊन. छोटीशी, स्वतःच्या आजारावरची. कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल. आमच्या गच्चीवर तिनं खडूनं चौकटी आखल्या आणि एकेकीत फिल्मचा एकेक प्रसंग चितारला. मी शहाणपणा केला, "सुरुवातीले तुहा तवाचा फोटो दाखवू." बाई गं, अशी उखडली माझ्यावर! "बिलकूल नाई. लोकं म्हनतीन, पाह्य कशी छान बारीक झाली होती. एखादी पोरगी तेच शिकन. फक्त हात दाखवू. ताटाजवळ येनारे अन् मांगं जानारे."

मग आईचा प्रसंग आला.

"आईचं काम कोन करन?" मी विचारलं.

"आईच."

"सांगतलं तिले?"

"उपासावरची फिल्लम हाये म्हटलं."

"वैशे, तिले सारं कळून जाईन ना मंग!"

"म्हनूनच तं करून राह्यलो. नुसतं सांगाले गेलो का दुसरंच काई बोलून येतो."

फिल्म कशासाठी चालली होती, ते मला तिथे कळलं.

शांताकाकू जरीचं पातळ नेसून, पावडर लावून हजर. वैशू म्हणाली, "आई, बायकाईले सांगे ना तू, तसंच सांग." काकूंनी ते हळदीकुंकवाचं वाक्य पहिल्याच झटक्यात म्हटलं, अगदी ठसक्यात. आता वैशूनं फक्त हसायचं होतं, तसं ठरलेलं होतं. ती हसली नाही.

"आई, मले उपास नोता. मले खायाचा भेव वाटे."

मोबाइल मी खाली घेतला नाही. काकू पदराचं टोक चाचपत राहिल्या. आता रडतील, नाहीतर ओरडतील, असं मला वाटलं.

"मले दिसत होतं वं माय," त्या म्हणाल्या. "तुहे डिरेस मीच शिवत होती. दर खेपेले आतून टीप मारून बारीक करा लागे. पन तू उपास म्हने, अन् माह्या जिवाले बरं वाटे."

वैशू ढसाढसा रडली. काकू सवयीनं काहीतरी खायला आणायला उठल्या, तशी तिनं त्यांचा हात धरला. "आनू नको काई. बस."

त्या बसल्या. मग विचारलं, "आताबी भेव वाटते?"

"हाव. रोज."

"मंग रोज सांगत जाय मले."